दम्याच्या प्रोजेक्टला सेन्सर कशाला?

फायनल इयरचा विषय ठरवायची वेळ आली की हॉस्टेलवर एकच चर्चा : सेन्सर कुठला लावायचा? दम्याच्या पेशंटसाठी काही करायचं म्हटलं तरी गाडी तिथेच येते. माझं मत जरा वेगळं आहे.

मोजायचं साधन आधीच आहे आणि त्याला बॅटरीही लागत नाही. पीक फ्लो मीटर म्हणजे प्लॅस्टिकची नळी. तीनदा जोरात फुंकायचं, सर्वांत मोठा आकडा लिहायचा. समजा, तब्येत उत्तम असताना आकडा ४०० येतो. मग ३२० च्या वर (८० टक्के) ठीक. २०० ते ३२० म्हणजे सावध, डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे औषध वाढवायचं. २०० च्या खाली (५० टक्के) गेला, की लगेच आराम देणारा पंप घेऊन थेट दवाखाना. अडतं ते रोज लिहिण्यात आणि वेळेवर हलण्यात.

माझी आत्या दातिवऱ्याला राहते. चुलीचा धूर, पावसाळ्यातली ओल, दोन्ही दम्याला वाईट. बरं वाटलं की ती रोजचा पंप बंद करते, का तर "सवय लागेल"! खरं तर श्वासनलिकांची सूज तोच आटोक्यात ठेवतो. नुसत्या तात्पुरत्या आरामाच्या पंपावर विसंबू नका, असं 'जीना' ही दम्यावर काम करणारी जागतिक संस्था २०१९ पासून सांगते आहे. रात्री धाप लागली तर आधी गाडी शोधा, मग सफाळे नाहीतर पालघर गाठा. म्हणून धोका आधी कळणं महत्त्वाचं.

यासाठी अ‍ॅप्स आहेत, मान्य. पण घरातला स्मार्टफोन सकाळीच आतेभावाबरोबर बोईसरला एमआयडीसीत जातो. आत्याकडे उरतो बटणांचा फोन. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' अ‍ॅप हवा सांगतं, पण ती मोजणी केंद्राजवळची. आत्याच्या चुलीपुढची नव्हे.

तेव्हा प्रोजेक्ट असा करा : रोज सकाळी आत्याला मराठीतून फोन जाईल, "पंप घेतला का? आकडा दाबा." ती २८० दाबेल. डॉक्टरांनी तिच्यासाठी ठरवलेली पुढची पायरी लगेच ऐकू येईल आणि आतेभावाला मेसेज जाईल. डोस मात्र मशीनने स्वतः ठरवायचा नाही. आणि धाप लागलीच असेल तर आकड्याची वाट न बघता दवाखाना, हेही त्याच आवाजात सांगायचं.

यात चकचकीत काही नाही. व्हायव्हात कदाचित मार्कही कमी पडतील. पण आत्याला वापरता येईल, ही परीक्षा मला मोठी वाटते. कुणी बरोबर येणार असेल तर सांगा, राव!