पावती एक, मेसेज दोन

"वन्सं, मशीन एकच घेतलं ना तुम्ही?"

शनिवारी रात्री साडेनऊला वहिनीचा फोन. मी म्हटलं, एकच घेतलं, का गं? "मग ह्यांच्या मोबाइलवर दोन मेसेज कसले आलेत?"

दादा बँकेचे मेसेज वाचत नाही. ते इंग्रजीत येतात आणि त्याची शाळा सातवीत सुटली. घरी गेलं की मोबाइल वहिनीच्या हातात द्यायचा, हा त्यांच्याकडचा रिवाज. त्या दिवशी दोन मेसेज होते, चार मिनिटांच्या अंतरानं. दोन्हींत ८४,५०० रुपये वजा. खात्यात उरले होते साडेतीन हजार.

दुपारी आम्ही दोघं नगरच्या मार्केट यार्डाजवळच्या एका दुकानात होतो. दादाकडं चौदा एचएफ गाई आहेत आणि वयाच्या बासष्टीला त्याची बोटं धार काढताना वळेनाशी झाली आहेत, म्हणून दोन बकेटचं मिल्किंग मशीन घ्यायचं ठरलं. घोडेगावच्या बाजारात विकलेल्या कांद्याची पट्टी आणि चार-पाच वेळचा दुधाचा पगार खात्यात साठला होता. एवढी रोख घेऊन एसटीनं कुठं यायचं, म्हणून मीच म्हटलं, कार्ड आण. हा सल्ला माझा होता, हे पुढचे अकरा दिवस मला कुणी विसरू दिलं नाही.

दुकानातल्या पोरानं कार्ड घातलं, दादानं पिन दाबला, मशीनवर चक्री फिरत राहिली. पोरगा म्हणाला, रेंज नाही. मशीन हातात धरून तो दारापाशी गेला, छपराबाहेर हात काढून उभा राहिला, परत आला. पुन्हा कार्ड, पुन्हा पिन. या वेळी कागद सर्रकन बाहेर आला. पावती मिळाली, चहा झाला, आम्ही उठलो. मोबाइल बघावा असं दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तेवढी चूक आमची.

रविवारी सकाळी दुकानदाराला फोन लावला. माणूस वाईट नव्हता. "ताई, आमच्याकडं एकच स्लिप निघाली. दुसरे पैसे बँकेत अडकले असतील, तिथं विचारा." सोमवारी दादा त्याच्या शाखेत गेला. तिथल्या साहेबांनी संगणकात बघून सांगितलं, "दोन्ही व्यवहार सक्सेसफुल आहेत. पैसे दुकानदाराकडं गेलेत. त्याच्याकडून लेखी आणा." मंगळवारी दादा नगरला आला. दुकानदार म्हणाला, "मी काय लेखी देणार? बँकेनं द्यावं." दादाचं गाव ते नगर पस्तीस-चाळीस किलोमीटर. गावाहून शाखा उलट्या दिशेला.

आपल्या जिल्ह्यात 'पैसे बँकेत अडकले' हे शब्द हलके घेता येत नाहीत. ४ ऑक्टोबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हापासून तर हे शब्द ऐकले की माणूस आधी खाली बसतो. दादाची बँक वेगळी आणि प्रकरणही वेगळं, पण हे रात्री अकराला वहिनीला कोण समजावणार?

मंगळवारी संध्याकाळी मी नियम वाचायला बसले. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं एक परिपत्रक आहे. त्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरपासून ते लागू झालं. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून रक्कम गेली, किंवा दुकानात कार्ड घासलं, खात्यातून पैसे गेले आणि दुकानाच्या मशीनला खबरच पोचली नाही, तर बँकेनं व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपणहून परत करायचे. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकानं तक्रार करायची वाट न बघता. वाचून मला हायसं वाटलं. मी दादाला फोन करून सांगितलं, गुरुवारपर्यंत थांब, पैसे आपोआप येतील.

गुरुवार गेला. पैसे आले नाहीत आणि येणारही नव्हते, कारण मी परिपत्रक नीट वाचलं नव्हतं. ते फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. आपल्या दृष्टीनं पहिला व्यवहार फसला, कारण स्लिप आली नाही. पण त्या चार मिनिटांत रेंज येऊन-जाऊन कुठंतरी तो पुरा झाला होता. बँकेच्या लेखी दादानं ८४,५०० रुपयांची दोन मशीनं घेतली होती. व्यवहार फसला असता तर त्याला वाली होता. यशस्वी झाला म्हणून तो बेवारस झाला.

मग निस्तरायचं कुणी?

माझे सासरे आडते बाजारात एका पेढीवर दिवाणजी होते. त्यांची एक गोष्ट आमच्या घरात अजून निघते. रात्री रोकड मेळ बसल्याशिवाय पेढी बंद व्हायची नाही. वीस रुपये कमी भरले तर मालक म्हणे, जाऊ द्या, उद्या बघू. पण वीस रुपये जास्त निघाले तर कुणी हलायचं नाही. कमी म्हणजे आपलं गेलं. जास्त म्हणजे कुणाचं तरी आलं, आणि तो उद्या बाजारभर सांगत फिरेल. नाहीच सापडलं तर ती रक्कम उचंत खात्याला लिहायची, आणि ते उचंत खातं दर आठवड्याला दिवाणजींकडं डोळे वटारून बघायचं. नावानिशी माणूस सापडला की रक्कम परत, वर एक चहा.

आता दुकानात जास्तीची रोकड निघतच नाही. कार्डाचे पैसे गल्ल्यात पडत नाहीत. दिवसभराचे सगळे व्यवहार गोळा होऊन, बँकेचं कमिशन कापून, एकगठ्ठा आकडा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुकानदाराच्या खात्यात उतरतो. त्या आकड्यात दादाचे ८४,५०० कुठं बसलेत, हे दुकानदाराला खरंच दिसत नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता, त्यानं बघितलं नव्हतं. त्याचा हिशेब सीए महिन्याअखेरीला बघतो. म्हणजे जास्तीचे पैसे त्याच्याकडं आले, पण त्याची झोप उडाली नाही. झोप उडाली दादाची.

यात मला चीड आली ती एका बारक्या गोष्टीची. दुकानातल्या त्या मशीनवर रात्री 'सेटलमेंट' करतात, म्हणजे दिवसाचे व्यवहार बँकेकडं रवाना करतात. ते होण्याआधी चुकीचा व्यवहार तिथल्या तिथं रद्द करता येतो. दुकानातली पोरं त्याला 'व्हॉइड' म्हणतात. दोन मिनिटांचं काम. एकदा सेटलमेंट झालं की मग 'रिफंड' करावा लागतो आणि तो ग्राहकाच्या खात्यात पोचायला आणखी काही दिवस जातात. शनिवारी रात्री दुकान बंद करताना त्या पोरानं दिवसाची यादी एकदा डोळ्यांखालून घातली असती, तर एकाच कार्डाचे, एकाच रकमेचे, चार मिनिटांच्या अंतराचे दोन आकडे तिथं खालीवर दिसले असते. रोकड मेळ तो हाच. फक्त आता तो करायला कुणी बसत नाही.

शुक्रवारी मी दादाच्या शाखेत त्याच्याबरोबर गेले. दुकानदाराकडून लेखी आणा, हे साहेबांचं म्हणणं मुळातच उलटं होतं. कार्डाच्या नियमांत एका खरेदीचे दोनदा पैसे जाणं हे वाद उपस्थित करायचं मान्य कारण आहे. ग्राहकानं आपल्या बँकेत तक्रार द्यायची, त्या बँकेनं ती दुकानदाराच्या बँकेकडं पाठवायची, आणि मग दुकानदारानं दाखवायचं की दोन स्लिपा आहेत तर बिलंही दोन आहेत आणि वस्तूही दोन दिल्यात. याला चार्जबॅक म्हणतात. म्हणजे सिद्ध करायचं ओझं दुकानाकडं जातं. दादानं आपण दुसरं मशीन घेतलंच नाही हे सिद्ध करायचं, ही कुठली रीत? न घेतलेल्या मशीनचा पुरावा माणूस आणणार कुठून? साहेबांनी अखेर अर्ज घेतला आणि पोच दिली. पोचेवर शिक्का हवा म्हणून वहिनीनं मला घरून बजावून पाठवलं होतं.

खात्याचा उताराही काढून घेतला. दोन्ही नोंदींपुढं दुकानाचं नाव आणि गाव. गाव अजून अहमदनगरच. बँकेच्या मशीनला अहिल्यानगर व्हायला वेळ लागेल असं दिसतं. प्रत्येक नोंदीला एक बारा आकडी क्रमांक असतो, तो महत्त्वाचा. दोन्ही नोंदींचे क्रमांक वेगळे होते. मी ते कागदावर लिहून घेतले.

या सगळ्याचा कायदा पाहायला गेलं तर जुना आहे, भारतीय करार कायदा, १८७२. त्याचं कलम ७२ एवढंच सांगतं की चुकून दिलेले पैसे ज्याला मिळाले, त्यानं ते परत करावेत. आणि त्याखाली उदाहरण कुठलं दिलंय? दोघांनी मिळून तिसऱ्याचे १०० रुपये देणं असतं, एक जण ते देऊन टाकतो, दुसऱ्याला पत्ता नसतो म्हणून तोही देतो. घेणाऱ्यानं दुसऱ्याचे १०० परत करावेत. तार होती, फोन नव्हता, कार्ड तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, तेव्हा लिहिणाऱ्यांना पहिलं उदाहरण दोनदा पैसे जाण्याचंच सुचलं. त्यात कुणी रेंजचं कारण सांगितलेलं नाही.

हे कलम दोन्ही बाजूंनी धावतं, याचा अनुभव दादाला आहे. मागं एकदा त्याच्या एकाच वक्कलाची पट्टी आडत्याकडून दोनदा जमा झाली. हमाली, तोलाई वजा होऊन अकरा हजार काहीतरी. दादा म्हणाला, राहू दे, मागं त्यांनी भावात मारलंच होतं. वहिनी म्हणाली, ते वेगळं, हे वेगळं. पुढच्या बाजाराला दादा पैसे घेऊन गेला. दिवाणजीला आनंद व्हायला हवा होता. त्यानं दादाकडं संशयानं बघितलं आणि आधीच्या दोन महिन्यांच्या पट्ट्या तपासायला काढल्या. चांगुलपणाची आपल्या बाजारांना सवय उरलेली नाही, असं मी म्हटलं तर दादा म्हणतो, तसं नाही गं, त्याला मालकाला जबाब द्यायचा होता. मला तो दिवाणजी आता बरा वाटतो. निदान त्याला आपली चूक कुठं झाली हे शोधायचं तरी होतं.

तर माझं म्हणणं असं, की ज्याच्याकडं पैसे जास्त गेले त्यानं पहिलं पाऊल टाकावं, त्याच रात्री. त्याला दिसत नसेल, तर ज्या बँकेनं त्याला मशीन दिलं तिनं त्याला दाखवावं. ती बँक काही धर्मादाय मशीन देत नाही. रुपे सोडून इतर डेबिट कार्डांवर २०१८ पासून मोठ्या दुकानदाराकडून ०.९० टक्क्यापर्यंत कमिशन घ्यायची मुभा आहे. एका घासण्यावर जास्तीत जास्त १,००० रुपये. मग दोन घासण्यांवर नजर ठेवायला काय हरकत? आणि वरून सरकारचं सांगणं, रोख वापरू नका. १ एप्रिल २०१७ पासून दोन लाख आणि त्याहून जास्त रोख घ्यायलाच बंदी आहे. ट्रॅक्टर घ्या, दागिने घ्या, रक्कम यंत्रातूनच जाणार. ज्या रस्त्यानंच जायची सक्ती आहे, त्या रस्त्यावरचे खड्डे बुजवायचं काम वाटसरूचं कसं?

दादाला हे सगळं सांगितलं तर त्यानं एक वाक्य टाकलं. "आपल्या डेअरीवरच्या मशीनला कळतंय. एका सभासदाचं दूध एका पाळीला दोनदा लावायला गेलं का ते विचारतं, परत आलाय का म्हणून. पंधरा लिटर दुधाला विचारतं, आन् पंच्याऐंशी हजाराला विचारत न्हाई?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. बँकेतल्या साहेबांकडंही नसावं.

सोमवारी मी एकटी दुकानात गेले. दुकानदाराला म्हटलं, लेखी नको, नुसती शनिवारच्या सेटलमेंटची यादी काढा. त्यानं ती मशीनमधून काढली, वीतभर लांब कागद. माझ्या कागदावरचे बारा आकडी क्रमांक आणि त्याच्या कागदावरचे क्रमांक आम्ही काउंटरवर शेजारी ठेवले. दोन्ही तिथं होते. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "अरे, आलेत की." आणि लगेच बँकेला फोन लावून रिफंड टाकला. नऊ दिवसांत कुणीही हे पाच मिनिटांचं काम करू शकलं असतं, तो स्वतः धरून.

नाहीच जमलं असतं तर पुढचा रस्ता होता. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, आणि त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. दुकानदाराविरुद्ध ग्राहक आयोग आहेच. पण तीस दिवस गाई उपाशी कशा ठेवणार? या अकरा दिवसांत दादानं सरकी पेंडीची सहा पोती उधारीवर आणली. पेंडवाला ओळखीचा, उधारी मिळाली. ज्याची ओळख नाही त्यानं काय करायचं?

बुधवारी मेसेज आला. वहिनीनं तीनदा वाचून मला फोन केला. ८४,५०० जमा. अकरा दिवसांचं व्याज नाही, एसटीच्या सहा फेऱ्यांचे पैसे नाहीत, आणि ते मागावेत असं दादाला वाटलंही नाही. मला वाटलं होतं, पण त्यानं हात हलवून विषय मिटवला.

दुसऱ्या दिवशी मशीन बसवायला दुकानातला तोच पोरगा गावाला आला. त्यानं व्हॅक्यूम पंप जोडला, कप लावून दाखवले, दोन गाईंची धार काढून दिली. गाई पहिल्यांदा बिथरल्या, मग शांत झाल्या. निघताना बसवायचे पाचशे रुपये मागितले. ते ८४,५०० मध्ये नव्हते म्हणे. वहिनीनं आत जाऊन पाचशेची नोट आणली, त्याच्यासमोर धरली आणि विचारलं, "पावती?"

पावतीपुस्तक त्यानं आणलं नव्हतं.