आधी कोळसा, मग बाया

‘स्पेशल’ म्हटलं की काहीतरी खास असेल असं वाटतं. मार्च २०२० मध्ये पॅसेंजर गाड्या बंद झाल्या. मालगाड्या मात्र चालूच राहिल्या. पुढे पॅसेंजर पुन्हा सुरू झाल्या त्या ‘स्पेशल’ म्हणून. गाडी तीच, डबे तेच, भाडं मात्र एक्सप्रेसचं. कमीत कमी १० रुपयांचं तिकीट ३० रुपयांवर गेलं. लोकांनी टाळता येण्याजोगा प्रवास करू नये म्हणून हे जादा भाडं, असं रेल्वेनं २०२१ मध्ये सांगितलं. मैत्रिणींनो, टोपली घेऊन बाजाराला निघालेल्या बाईचा कोणता प्रवास टाळता येण्याजोगा असतो? भाडं खाली यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला.

पण मला पैशांपेक्षा वेळेबद्दल लिहायचं आहे.

बचत गटांच्या कामासाठी मी पूर्व विदर्भात या स्पेशल गाड्यांनी पुष्कळ फिरले. कोळसा, लोखंड, सिमेंट वाहणाऱ्या मालगाड्यांची तिथं रीघ असते. एखाद्या लहान स्टेशनात आपली गाडी बाजूच्या लूप लाइनवर घेतात. सिग्नल लाल. मेन लाइनवरून पन्नास-साठ वाघिणींची कोळशाची गाडी धडधडत जाते. मग दुसरी. कधी वीस मिनिटं, कधी तास-दीड तास. का थांबलो ते कुणी सांगत नाही. मे महिन्यात पत्रा तापलेला, संडासात पाणी नाही. बाया खाली उतरून झुडपांआड जातात. एकीनं दुसरीला आडोसा करायचा आणि कान इंजिनाच्या भोंग्याकडे ठेवायचा. मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत एक मावशी मला म्हणाली, “कोळसा सडते का वो ताई? मंग त्याले कायची एवढी गडबड?”

तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कागदावर प्रवासी गाडीचा मान मालगाडीच्या आधी आहे. पण एप्रिल २०२२ मध्ये विजेची टंचाई झाली, तेव्हा कोळशाला वाट मोकळी करून देण्यासाठी प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या उघडपणे रद्द केल्या गेल्या. वीज आपल्यालाही हवी, यात वाद नाही. मालवाहतुकीच्या कमाईतून प्रवासी गाड्यांचा तोटा भरून निघतो, हेही खरं. पण हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना? कमावतो त्याला आधी वाढा, बाईचं काय, ती मागून जेवेल! घरात ऐकलेलं हे वाक्य रुळांवरही लागू होतं आणि ते कुणाला खटकत नाही, कारण बाईच्या वेळेला मोल नसतं हे आधीच ठरून गेलेलं आहे. उशिरा पोचलेल्या घरकामगार बाईचा खाडा धरला जातो. दवाखान्यातली ओपीडी बंद झालेली असते. मेथी पडत्या भावानं द्यावी लागते.

हा उशीर वक्तशीरपणाच्या आकड्यांत धरलाही जात नाही. गाडीचा वक्तशीरपणा ती शेवटच्या स्टेशनात कधी पोचली यावर मोजतात आणि वेळापत्रकात शेवटच्या टप्प्याला भरपूर मोकळी मिनिटं ठेवलेली असतात. मधल्या स्टेशनात तासभर उशिरा उतरलेली बाई हिशेबातच येत नाही. रेल्वेच्या प्रवासी सल्लागार समित्यांवर व्यापारी संघटनांचे प्रतिनिधी असतात. भाजीवाली मला तरी अजून तिथं भेटलेली नाही.

म्हणून आमच्या गटांतल्या बायांनी वह्या घातल्या आहेत. तारीख, स्टेशन, किती वाजता थांबलो, किती वाजता सुटलो, किती मालगाड्या पुढे गेल्या. आणि शेवटच्या रकान्यात, त्या दिवशी काय बुडालं. जिला लिहिता येत नाही ती शेजारणीला सांगते. तुमच्या भागातून मालवाहतुकीचा मार्ग जात असेल तर तुम्हीही अशी वही घाला. तीन महिन्यांच्या वह्या एकत्र करून आम्ही विभागीय व्यवस्थापकांना भेटणार आहोत. मेथीवाली मावशीही सोबत असेल.