मनीऑर्डरीची पोच

मा. मुख्य पोस्टमास्तर जनरल,
महाराष्ट्र परिमंडळ, मुंबई यांस



माझ्या वडिलांच्या लोखंडी पेटीत मनीऑर्डरीच्या 41 पोचपावत्या सुतळीने बांधून ठेवलेल्या आहेत. वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. आम्ही संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत. प्रत्येक पावतीवर आईचा अंगठा आहे, कुठे ठसठशीत, कुठे शाई जास्त झाल्याने पसरलेला. पैसे मिळाल्याची ही पोच टपालाने मुंबईला परत जायची आणि वडील ती जपून ठेवायचे. लिहिता न येणाऱ्या बायकोचं पत्र म्हणून त्यांना एवढंच मिळत होतं.

पोस्टमन ओटीवर टेकायचा. आई गूळपाणी आणायची. तो आधी फॉर्मच्या खालच्या कुपनावरचा मजकूर मोठ्याने वाचायचा, म्हणजे सगळ्या वाडीला कळायचं की बापाने मुलाच्या फीबद्दल विचारलंय आणि म्हातारीच्या खोकल्याबद्दल. मग शाईची डबी, अंगठा आणि शेवटी नोटा. त्या नोटा आईच्या हातात पडायच्या. घरात आजोबा होते, मोठे काका होते, पण फॉर्मवर नाव आईचं होतं आणि पोस्टमन दुसऱ्या कोणाला पैसे देत नसे. काकांनी एकदा हात पुढे केला तेव्हा त्याने डबीच मिटली होती.

आमच्या जिल्ह्याला ‘मनीऑर्डरवर जगणारा’ असं अर्ध्या कौतुकाने, अर्ध्या कुचेष्टेने म्हणत आलेत. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1,122 बाया होत्या. बाप्ये गेले कुठे, हे तुमच्या खात्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

या पैशावर अर्थशास्त्रज्ञांचा एक जुना राग आहे. पैसा येतो आणि खाल्ला जातो, त्यातून काही उभं राहत नाही, असं ते म्हणतात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 64 व्या फेरीत, म्हणजे 2007-08 साली, बाहेरून पैसे येणाऱ्या ग्रामीण घरांना ते कशासाठी वापरता असं विचारलं होतं. सुमारे 95 टक्के घरांनी घरखर्च सांगितला. कर्जफेड सांगणारी घरं दहा टक्क्यांच्या आसपास होती. घरखर्च हा शब्द अहवालात फार सपाट दिसतो. आमच्याकडे त्यात घरचं भात फाल्गुनात संपल्यावर विकत आणायचे तांदूळ होते, रॉकेल होतं, बहिणीची पाटी होती, आजीची खोकल्याची बाटली होती आणि पावसाआधी शाकारणीचे गडी होते. खाल्लं, हे खरंच. न खाता काय करायचं होतं?

आणि रकमेपेक्षा तारखेला मोल होतं. मनीऑर्डर महिन्याच्या मध्यावर येणार हे वाण्याला माहीत असे, म्हणून महिन्याच्या सुरुवातीला तो वहीवर सामान देई. म्हणजे न आलेल्या पैशावरही घर जेवत होतं. हे मला लहानपणी समजलं नाही, 1982 साली समजलं. 18 जानेवारीला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. फेब्रुवारीत पोस्टमन आमच्या ओटीवर टेकला नाही, आईकडे न बघताच पुढे गेला. मार्च गेला. वाण्याने वही बंद केली नाही, भला माणूस. पण तो गोडेतेल शेरावरून पावशेरावर आला. मे महिन्यात वडील ती पेटी घेऊन गावी आले. जूनमध्ये बहिणीची शाळा सुटली आणि ती पुन्हा सुरू झाली नाही. मला काढलं नाही, कारण मी मुलगा.

जुन्या दिवसांचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. मनीऑर्डरीने आमच्या वरकस जमिनी पिकल्या नाहीत, उलट माणसं गेल्याने रान माजलं. नांगरापासून लाकूडफाट्यापर्यंत सगळं बायकांच्या अंगावर पडलं. आणि मुंबईत वडिलांचं पोट ज्या खाणावळवालीने सांभाळलं, तिच्या उधारीवरच आमची मनीऑर्डर वेळेवर निघत असे. तिचा हिशेब कोणत्या पाहणीत आला असेल असं वाटत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अलीकडच्या दराने मनीऑर्डरीचं कमिशन 20 रुपयांना 1 रुपया, म्हणजे पाच टक्के. महाग होतं. पण ते भरत होता पाठवणारा, मुंबईच्या खिडकीवर. आईला ओटीवरून उठावं लागत नव्हतं. 2015 साली कागदी मनीऑर्डर थांबली, ई-मनीऑर्डर तेवढी उरली आणि तोवर लोकांनी बँकेची वाट धरली होती. आता पैसे फोनवरून क्षणात जातात, फुकट जातात. पाठवणाऱ्याला फुकट, एवढंच.

आमच्या शेजारची वहिनी घ्या. नवरा अंधेरीला एका हॉटेलच्या भटारखान्यात आहे. तो महिन्याला सहा हजार पाठवतो, ते मुलाच्या फोनला जोडलेल्या खात्यात. मुलगा सोळा वर्षांचा. फोन त्याचा, पिन त्याचा, आणि आईने तेलासाठी पैसे मागितले की तो ‘बघतो’ म्हणतो. रोख हवी तर तालुक्याला जायचं. एसटीला बायकांना अर्धं तिकीट झालंय, तेवढा दिलासा. तिथल्या एटीएममध्ये पाचशेच्याच नोटा, नाहीतर तेही बंद. काजूच्या कारखान्यातली त्या दिवसाची हजेरी बुडते ती वेगळीच. वाडीजवळच्या एका केंद्रावर अंगठ्याने पैसे निघतात असं कळलं, म्हणून ती तिथेही जाऊन आली. यंत्राने तिचा अंगठा चार वेळा नाकारला. काजूच्या टरफलाचं तेल बोटांची कातडी जाळतं. रेघा उरतच नाहीत. तुमच्या जुन्या डबीतल्या शाईला अशा अंगठ्याचं वावडं नव्हतं.

गंमत अशी की तिचं स्वतःचं, आधारला जोडलेलं खातं आहे. ‘लाडकी बहीण’चे 1,500 रुपये त्यातच येतात. सरकारचा पैसा तिच्या नावाने येतो आणि नवऱ्याचा येत नाही. नवरा वाईट नाही. पोराच्या फोनवर टाकणं सोपं पडतं, इतकंच कारण.

पैसा किती आला यावर घराचं बरं-वाईट ठरतं, असं आपण धरून चालतो. मी दोन्ही काळ पाहिले आहेत आणि माझं मत असं झालंय की तो कोणाच्या हातात पडला आणि तो हातात पडेपर्यंत कोणाचा दिवस मोडला, यावर ते जास्त ठरतं.

तुमच्याकडे यावरचं सगळं सामान तयार आहे. टपाल खात्याची पेमेंट्स बँक 1 सप्टेंबर 2018 पासून चालू आहे. वाडीवर येणाऱ्या डाकसेवकाच्या पिशवीत यंत्र आहे. घरपोच सेवेला 2022 च्या ऑगस्टपासून 20 रुपये आणि वर जीएसटी असा आकार ठरला, तो पाच टक्क्यांपेक्षा कितीतरी स्वस्त. पण ही सेवा घरच्या बाईने मागवायची आणि आकारही तिनेच भरायचा. हे उलटं करा. अंधेरीतल्या माणसाला फोनवरूनच बायकोच्या नावाने पैसे लावता यावेत, वीस रुपये त्यानेच भरावेत आणि डाकसेवकाने महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ओटीवर येऊन रोख द्यावी. यंत्राने अंगठा नाकारला तर डोळ्यांवरून किंवा साक्षीदाराच्या सहीवर द्यावी. आणि कृपा करून पोच ठेवा. मेसेज नको, तिच्या हाताची खूण असलेली, तो पाहू शकेल अशी पोच.

डाकसेवकावर रोकड वाहण्याचा बोजा वाढेल, जोखीम वाढेल, हे कळतं. त्याचा मोबदला त्याला वेगळा द्यावा लागेल.

सगळ्या राज्यात एकदम नको. एक तालुका घ्या, सहा महिने करून पाहा. संगमेश्वर घेतलात तर वाडीवाडीतल्या बायकांची नावं गोळा करून द्यायचं काम माझ्याकडे. गणपतीला चाकरमानी गावी येतात, तेव्हा नवरा-बायको दोघांच्या सह्या एकाच बैठकीत मिळतील. त्याआधी फॉर्म तेवढे पाठवा.

कळावे,
एका गिरणी कामगाराचा मुलगा