माती त्यांच्या भिंतीत, खड्डा आपल्या शेतात



मागच्या महिन्यात कोर्टाच्या कामाला ठाण्याला गेलो होतो. रस्त्याच्या कडेला नव्या इमारतीचा भलामोठा फलक. त्यावर झाडं, पक्षी, आणि वर लिहिलेलं की निसर्ग जपून बांधलेली घरं. फलकाखालीच विटांचा ट्रक रिकामा होत होता. ड्रायव्हरला विचारलं, माल कुठला? म्हणाला, वाड्याकडचा. म्हणजे माती आपली, ती थापणारे हातही आपले. निसर्ग मात्र बिल्डरने जपला!

आपण प्लॉटवर नागली पेरली की ते अतिक्रमण. लगेच केस, नांगर जप्त. त्याच डोंगराला सुरुंग लावून खडी काढली की तो विकास. जंगलाचा नाश आदिवासी करतो असं शहरातले शिकलेले लोक बोलतात. ते बोलतात ज्या घरात बसून, त्या घराचा हिशेब आपण करू.

नऊ इंच लांब, चार रुंद, तीन जाड अशा १६ विटा म्हणजे एक घनफूट. एक एकर भातशेतातली फूटभर माती काढली तर ४३,५६० घनफूट. घट-तूट सोडली तरी पाच लाखांवर विटा. शेठ पैसे देतो एकदाच. शेत जातं कायमचं. वरचा थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. तो गेला की खाली मुरूम, आणि मुरुमात भात होत नाही. मग त्याच शेताचा मालक उचल घेऊन त्याच भट्टीवर जातो. वही शेठकडे, आठवड्याला खर्ची, हिशेब पावसाच्या तोंडाला. उचल फिटली नाही तर पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा तिथंच. १९७६ चा कायदा सांगतो की वेठबिगारी गुन्हा आहे आणि वेठीचं कर्ज रद्द आहे. भट्टीवर हा कायदा कोणी वाचून दाखवलाय का?

आता कोणी म्हणेल, भट्ट्या बंद झाल्या तर खायचं काय? बरोबर आहे. भट्ट्या बंद करा असं आपण म्हणतच नाही. आपण म्हणतो, कायद्याने चालवा.

सप्टेंबर १९९९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने अधिसूचना काढली. कोळशाच्या वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत वीट करायची तर वजनाने निदान २५ टक्के राख मिसळलीच पाहिजे, असा तेव्हाचा नियम होता. राखही वीजकेंद्राने दहा वर्षं फुकट द्यायची होती. डहाणूला कोळशाचं वीजकेंद्र आहे. मग आजूबाजूच्या भट्ट्यांवर राख का दिसत नाही? कारण राख आणायला गाडीभाडं पडतं आणि आदिवासीची माती स्वस्त पडते. राख मिसळायला लागली तर कामगाराच्या नाकातोंडात जाणार नाही याची सोय पण मालकानेच करायची.

दुसरं, १९९६ चा पेसा कायदा. अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा द्यायचा तर आधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस लागते. खडी, वाळू, विटेची माती हे सगळं गौण खनिज. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, शहापूर हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. तरी पट्टा तहसीलला ठरतो आणि पाड्याला कळतो सुरुंगाच्या आवाजाने. शिफारस पंचायतीची चालते असं साहेब सांगतील. पण सरपंचाने घरी बसून सही केली तर ती गावाची शिफारस नव्हे. आपण ग्रामसभाच मागायची.

आपलं पण चुकतं, ते लपवायचं नाही. लग्न, आजारपण आलं की आपलाच माणूस रात्रीत माती विकून मोकळा होतो. त्याला नावं ठेवून उपयोग नाही. त्याची अडचण पाड्याने आधी ऐकली पाहिजे. जमिनीसाठी लाठ्या खाल्ल्या, जेलात गेलो. ती जमीन ट्रकात भरून पाठवायला नव्हे.

दिवाळी झाली की मुकादम पाड्यावर येईल. त्याच्या आधी प्रत्येक पाड्याने बसायचं आणि ठरवायचं:

१) ग्रामसभेच्या ठरावाशिवाय माती, खडी, वाळू गावाबाहेर जाणार नाही.
२) हजार विटांचा दर आणि उचल दोन वह्यांत लिहायची. एक वही कामगाराकडे.
३) राख मिसळतात का, हे भट्टीवर जाऊन बघायचं. नसेल तर तहसीलला लेखी अर्ज. पोच घ्यायला विसरू नका.

फलकावर झाडं रंगवून जंगल वाचत नाही. आपलं शेत वाचलं तर वाचेल.

जिंदाबाद!