हवेचे मोजमाप कोणाच्या हाती?

शहरातील हवा सर्वांची आहे असे म्हणण्याची पद्धत आहे. ती सर्वांच्या वाट्याला सारखी मात्र येत नाही. हमरस्त्याच्या कडेला पथारी मांडणारी भाजीवाली, चौकात दिवसभर उभा असणारा वाहतूक पोलीस, उड्डाणपुलाखाली संसार थाटलेले बांधकाम मजुराचे कुटुंब आणि बागेने वेढलेल्या बंगल्यातला धनिक हे एकाच शहराचे नागरिक असले, तरी त्यांच्या फुप्फुसांत जाणारी हवा एक नसते. सरकारी अहवाल मात्र या सर्वांना एकाच आकड्यात बसवतो. ठराविक ठिकाणी बसवलेली महागडी यंत्रे जी नोंद करतात, तिच्या सरासरीला शहराची हवा म्हटले जाते. ज्या वस्तीत यंत्र नाही तिथले प्रदूषण कागदोपत्री अस्तित्वातच नसते. आणि कागदावर नसलेल्या दुखण्यासाठी कोणत्याही अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, हा अनुभव आपल्या कार्यकर्त्यांना नवा नाही.

म्हणूनच गेल्या काही दशकांत युरोपात विकसित झालेल्या एका साध्या पद्धतीकडे आपण लक्ष दिले पाहिजे. वाहनांच्या धुरातून, ब्रेकच्या झिजेतून, कारखान्यांच्या भट्ट्यांतून जे सूक्ष्म कण बाहेर पडतात, त्यांत लोहाची संयुगे असतात. त्यांपैकी मॅग्नेटाइटसारखी काही चुंबकीय गुणधर्माची असतात. हे कण झाडांच्या पानांवर साचतात. पाने गोळा करून प्रयोगशाळेत तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवली आणि नंतर त्यांत उरलेले चुंबकत्व मोजले, म्हणजे त्या जागी असे कण किती साचले याचा अंदाज येतो. इंग्लंडमधील नॉरिच शहरातील रस्त्याकडेच्या बर्च वृक्षांवर युर्गन मात्स्का आणि बार्बरा माहर यांनी असा अभ्यास करून तो १९९९ साली प्रसिद्ध केला. रस्त्यालगतच्या पानांत चुंबकत्व अधिक आणि रस्त्यापासून दूर जावे तसे ते कमी, असे त्यांत स्पष्ट दिसले. यंत्र एका जागी उभे असते. झाडे मात्र गल्लोगल्ली असतात. जिथे झाड नाही तिथे कुंडी ठेवता येते, आणि तीही लहान मुलाच्या नाकाच्या उंचीवर.

हे कण म्हणजे निव्वळ धूळ नव्हे. मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर येथील ३७ मृत व्यक्तींच्या मेंदूंच्या तपासणीत ज्वलनातून तयार होणाऱ्या कणांशी मिळतेजुळते मॅग्नेटाइटचे अतिसूक्ष्म कण आढळल्याचे माहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवून दिले. त्यांचा मेंदूच्या विकारांशी नेमका संबंध काय, याचा अभ्यास व्हावयाचा आहे. परंतु हवेतील विष माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकते एवढे कळल्यावर तरी, ही हवा मोजण्याचे काम सरकारी खात्याच्या सवडीवर सोडता येणार नाही.

या पद्धतीचे खरे महत्त्व बेल्जियममधील अँटवर्प शहराने दाखवले. तिथल्या विद्यापीठाने २०१४ साली नागरिकांना स्ट्रॉबेरीची रोपे वाटली. लोकांनी ती आपापल्या खिडकीबाहेर ठेवली, वाढवली आणि पाने विद्यापीठाकडे परत दिली. त्यांवरून शहरातील रस्त्यारस्त्याच्या हवेचा नकाशा तयार झाला. पॅरिसमध्येही रस्त्याकडेच्या चिनार जातीच्या झाडांची साल नागरिकांकडून गोळा करून असेच काम चालते. इथे शास्त्रज्ञ आणि सामान्य माणूस यांच्यात दाता आणि याचक असे नाते राहत नाही. दोघे मिळून पुरावा उभा करतात.

अर्थात परदेशी पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही. पानांवरून नायट्रोजन डायऑक्साइडसारख्या वायूंचे मोजमाप होत नाही. केसाळ पान आणि गुळगुळीत पान धूळ सारखी धरत नाहीत, म्हणून तुलना एकाच जातीच्या झाडांची व्हावी लागते. पाऊस पाने धुऊन टाकतो. तेव्हा आपल्याकडे हे काम पावसाळा संपल्यावरच करावे लागेल. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे महाराष्ट्राचा बहुतांश भाग बसाल्टचा आहे. त्या खडकात आणि त्याच्या मातीत मुळातच मॅग्नेटाइट आहे. त्यामुळे धुराचे कण कोणते आणि मातीचे कोणते, हे वेगळे काढण्याचे शास्त्र इथल्या भूमीवरच सिद्ध करावे लागेल.

ते करण्याची क्षमता आपल्याकडे नाही काय? पनवेल येथे भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिची परंपरा कुलाब्याच्या जुन्या वेधशाळेपर्यंत जाते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांमुळे नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. यंत्रातील सुईला शहराचा उपद्रव होऊ नये म्हणून राज्यकर्त्यांनी वेधशाळा खाडीपलीकडे नेली. चेंबूर-माहुलच्या रहिवाशाला असे स्थलांतर परवडत नाही. निदान त्याच्या दारातील झाडाची पाने तपासण्यासाठी जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांची आणि विद्यापीठांची दारे उघडली गेली पाहिजेत, ही मागणी अवाजवी नाही.

हवा प्रदूषण नियंत्रणाचा कायदा १९८१ चा आहे, राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम २०१९ चा. २००९ साली आपण पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम ही वार्षिक मर्यादा ठरवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ५ ची शिफारस केली. एवढी सैल मर्यादाही पाळली जात नाही, याचे कारण ती मोडणाऱ्याला जाब विचारण्याचे साधन सामान्य माणसाच्या हाती नाही.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. झाडे कण धरून ठेवतात, एवढ्याचे निमित्त करून चार रोपे लावायची, छायाचित्रे काढायची आणि धुराडी तशीच चालू ठेवायची, हा उद्योग आपल्या ओळखीचा आहे. पान हे प्रदूषणाचे साक्षीदार आहे, सफाई कामगार नव्हे. उपाय उगमापाशीच झाला पाहिजे: स्वस्त व पुरेशी सार्वजनिक बससेवा, कारखान्यांच्या धुरावर कडक नियंत्रण, आणि रस्त्यावर राबणाऱ्या श्रमिकांना आरोग्यविषयक संरक्षण.

कामगार संघटना, शाळांतील विज्ञान शिक्षक आणि वस्तीतील युवक मंडळे यांनी एकत्र येऊन आपापल्या प्रभागातील पानांची नोंद सुरू करावी. तो पुरावा प्रभाग समितीपुढे ठेवावा आणि उत्तर मिळेपर्यंत हटू नये. मोजले जाते त्याचाच हिशेब मागता येतो. तेव्हा आपली हवा आपण मोजायला शिकणे, हे या लढ्याचे पहिले पाऊल आहे.