जाळे मोडावे काय?

परसातला शेवगा फुलला, तुळशीला मंजिऱ्या आल्या, म्हणजे तेथे मधमाश्यांची ये-जा सुरू होते. आणि त्यांच्या वाटेवर जाळे विणून बसलेला कोळीही बहुधा आढळतो. एखादी मधमाशी त्या जाळ्यात सापडून तडफडू लागली, की पाहणाऱ्याचा हात काठीकडे जातो. मधमाशी उद्योगी म्हणून ती सज्जन, कोळी दबा धरून बसतो म्हणून तो दुर्जन, असा निवाडा आपण क्षणार्धात करून टाकतो. माझ्या मते हा निवाडा उतावळेपणाचा आहे.

दुसऱ्याच्या प्राणसंकटाने मन कळवळावे, हे योग्यच होय. परंतु दयेला विचाराची जोड हवी. कोळी आपल्याच शरीरातून धागा काढतो. जाळ्याच्या मध्यापासून निघालेल्या आऱ्या कोरड्या आणि त्यांवरून गोलगोल फिरवलेला धागा मात्र चिकट, अशी त्याची योजना असते. हे काम आळशाचे नव्हे. अशा मोठ्या जाळ्यात बसलेला कोळी बहुधा मादी असते. याच आहारावर तिची अंडी पोसली जातात. शिवाय त्याच जाळ्यात डास आणि घरमाश्याही सापडतात. डास सापडला तर कोळी उपकारी आणि मधमाशी सापडली तर तो दुष्ट, हा कोठला न्याय?

सातेरी मधमाश्यांच्या एका वसाहतीत हजारो माश्या असतात आणि फुलांच्या हंगामात राणीमाशी रोज शेकडो अंडी घालते. कोळ्याने नेलेल्या चार-दोन माश्यांमुळे पोळे ओस पडत नाही. ते ओस पडते माणसाच्या हातून! बहरलेल्या पिकावर विषारी औषध फवारले, किंवा मधासाठी मोहोळ जाळले, म्हणजे हजारो माश्यांचा एकाच दिवसात अंत होतो. मधमाशीची ज्याला खरी कणव आहे, त्याने प्रथम हे हात थोपवावेत.

याला एक अपवाद आहे. पाळलेल्या मधमाश्यांच्या पेटीच्या तोंडाशीच कोळ्याने जाळे विणले असेल, तर पाळणाऱ्याने ते अवश्य काढावे. त्या माश्यांना आपणच तेथे आणून वसवलेले असते; त्यांचे रक्षण करणे हे आपले कर्तव्यच ठरते. मोकळ्या परसात मात्र आपल्याला कोणी न्यायाधीश नेमलेले नाही.

म्हणून मुलांनो, असे दृश्य दिसले तर काठी बाजूला ठेवा आणि शांतपणे निरीक्षण करा. मधमाशी कशी झुंजते, कोळी केव्हा पुढे सरतो, केव्हा मागे हटतो, ते पाहा. दोघांचेही जगणे ज्याला उमगले, त्याचीच दया डोळस होय.