घरमाशीची आकृती
अमेरिकेतील बालवीर-संघाची जुनी प्रावीण्यचिन्हे जमविणाऱ्यांना खाकी कापडाचा पोत, कातरलेली कड आणि हिरव्या धाग्याचे वर्तुळ यांवरून चिन्हाचा काळ ओळखण्यात जो आनंद लाभतो तो मला मान्यच आहे. परंतु सार्वजनिक आरोग्याचे चिन्ह दृष्टीस पडले म्हणजे मला प्रथम आठवतात त्या १९११ च्या हस्तपुस्तिकेतील अटी, कारण ते एवढेसे कापड मिळविण्यासाठी मुलास क्षय, विषमज्वर व हिवताप यांचा प्रसार कसा होतो हे सांगावे लागे, घरमाशी रोग कशी वाहून नेते याची आकृती काढावी लागे, आणि, ही अट मला सर्वांत मोलाची वाटते, आपल्या गावच्या कचऱ्याची विल्हेवाट कोणत्या रीतीने लागते याचे वर्णन करावे लागे. ज्या कामाकडे प्रतिष्ठित मंडळी नाक मुरडून पाहतात, त्याची तपशीलवार चौकशी करण्यास कोवळ्या वयाच्या पोरास प्रवृत्त करणे, हे शिक्षण मी कोणत्याही पाठांतराहून श्रेष्ठ समजतो. ‘लाइफ’ ही वरची पायरी गाठावयाची तर प्रथमोपचार व जीवरक्षण यांच्या जोडीला हे चिन्हही त्या काळी सक्तीचे असे. म्हणून संग्राहकांनी चिन्हांबरोबर अटींच्या त्या पुस्तिकाही दप्तरी जपून ठेवाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.